दातांच्या दवाखान्यात माणसं टिकत का नाहीत? (डॉक्टर, सहायक, लॅबवाले, सगळ्यांनी लिहा)

रातांबा | ८ जून, रात्री १०.५०

रत्नागिरीत माझा दातांचा दवाखाना आहे, १४ वर्षं झाली. दोन चेअर, आठवड्यातून चार दिवस येणारा एक तरुण डॉक्टर, दोन सहायक मुली आणि काउंटरला एक ताई. परवा संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर त्यातली एक मुलगी ट्रे धुता धुता म्हणाली, "मॅडम, पुढच्या महिन्यापासून मला नाही जमणार." अडीच वर्षं होती माझ्याकडे. चार वर्षांत सोडून जाणारी ही तिसरी.

कारण विचारलं तर "घरचं आहे". आधीच्या दोघींनीही हेच सांगितलं होतं.

बाहेरच्यांना वाटतं सहायक म्हणजे हातात वस्तू देणारी. तिला काय काय येतं ते लिहिते. रूट कॅनलला बसल्यावर पुढची फाइल (दाताची नळी साफ करायची बारीक सुई) कुठली लागणार ते मी मागायच्या आत तिच्या हातात असतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात अल्जिनेट (दातांचं माप घ्यायची पावडर) थंड पाण्यात कालवायचं, नाहीतर तोंडात जाईस्तोवर घट्ट होतं. पावसाळ्यात आपल्याकडे हवेत इतकं पाणी असतं की कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडावं लागतं. ते राहिलं तर हवेबरोबर ओल दाताच्या खड्ड्यात येते आणि सिमेंट धरत नाही. हे ती न सांगता करते. मिरकरवाड्याहून मासळीवाल्या बायका येतात, त्यांना मी मशेरी सोडा म्हटलं की त्या माझ्याकडे बघून हसतात. ही त्यांच्या शेजारी बसून म्हणते, "माझी आजी पण लावायची, तिच्या तोंडात काय झालं ते सांगू?" आणि त्या ऐकतात. दोघींनी तिच्यामुळे मशेरी सोडली आहे.

नवीन मुलगी इथवर यायला मला सहा-सात महिने लागतात. ते सहा महिने मी आणि पेशंट दोघंही भोगतो. पगार म्हणाल तर गेल्या दिवाळीला ८,५०० वरून १०,५०० केला. तरीही गेली. मला खरंच समजून घ्यायचं आहे. पैसे कमी पडतात की दुसरं काही?

---

मुचकुंदी | ८ जून, रात्री ११.३५

राजापूर तालुक्यात २२ वर्षं प्रॅक्टिस. वीस-बावीस वर्षांची मुलगी ठेवली की तिचं लग्न ठरतं, नवरा मुंबईला असतो, ती जाते. यात तुमचा दोष नाही. कोकणात सगळ्याच धंद्यांना हे आहे.

माझी सहायक १६ वर्षं माझ्याकडे आहे. आली तेव्हा ३२ वर्षांची, दोन मुलं शाळेत. तिला ठेवताना पगाराआधी मी एकच गोष्ट विचारली होती, तुमच्या गावाला शेवटची एसटी किती वाजता? म्हणाली सव्वासहा. तेव्हापासून माझा दवाखाना पावणेसहाला बंद होतो. लोक म्हणाले संध्याकाळचे पेशंट जातील. काही गेले. पण रात्री साडेआठला वडापची वाट बघत रस्त्यावर उभं राहावं लागलं असतं, तर ती बाई १६ महिनेसुद्धा टिकली नसती.

---

अबोली | ९ जून, सकाळी ७.१५

डॉक्टर नाही, पेशंटच्या बाजूने लिहिते. माझा मुलगा सात वर्षांचा. पहिल्यांदा ज्या ताईने त्याला चेअर वर-खाली करून दाखवली, आरशाने त्याचेच दात मोजायला लावले, ती पुढच्या वेळी नव्हती. तो दारातूनच रडत परत फिरला. डॉक्टर तेच होते, पण तो डॉक्टरांच्या नव्हे, तिच्या भरवशावर आला होता. धागा चांगला काढलात. वाचतेय.

---

ताम्हण | ९ जून, दुपारी १.०५

मूळची देवगडची, पुण्यात एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे. दातांतलं मला काही कळत नाही, माणसं नोकरी का सोडतात यावर मात्र बरीच वर्षं काम केलंय.

रातांबाताई, पगार वाढवूनही मुलगी गेली याचं तुम्हाला आश्चर्य वाटतंय. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेली गोष्ट इथे उपयोगी पडेल. त्याने पिट्सबर्गच्या आसपासच्या सुमारे २०० इंजिनियर आणि हिशेबनिसांना विचारलं, कामावर तुम्हाला फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी? दोन्ही उत्तरं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आली. वाईट वाटलं त्यात वरिष्ठांची वागणूक, नियम, कामाची परिस्थिती, पगार. बरं वाटलं त्यात हातून झालेलं काम, मिळालेली दाद, अंगावर आलेली जबाबदारी, पुढे जाण्याची वाट. म्हणजे पगार वाढला की कुरकुर थांबते, पण तेवढ्याने कामात जीव रमत नाही. आणि जीव रमत असला तरी बसायला जागा नसेल, घालूनपाडून बोललं जात असेल, तर माणूस जातोच. दोन्ही खाती वेगळी आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही. या सिद्धांतावर पुढे टीका बरीच झाली, तरी तुमचा प्रश्न उलगडायला तो मला अजून उपयोगाचा वाटतो.

"घरचं आहे" हे आपल्याकडे निरोप घेण्याचं सभ्य वाक्य आहे. ज्या माणसाचं मन मोडायचं नाही त्यालाच ते सांगतात. खरं कारण हवं असेल तर जाणारीला विचारण्याआधी ज्या राहिल्यात त्यांना विचारा. इथलं काय बदललं तर दिवस सोपा जाईल, एवढंच. मग मध्ये न बोलता ऐका.

---

सुरंगी | ९ जून, रात्री ९.४०

मी चार वर्षं सहायक होते. सिंधुदुर्गातल्या एका गावात, दवाखान्याचं नाव लिहीत नाही. आता पतसंस्थेत क्लार्क आहे. रातांबा मॅडम, तुमचं लिहिणं वाचून मला माझ्या मॅडम आठवल्या, म्हणून सगळं लिहिते. माझंही कारण "घरचं"च होतं.

पहिली गोष्ट दुपारची. दवाखाना साडेनऊ ते दीड आणि साडेचार ते साडेआठ. आठ तास. डॉक्टरांचं घर वरच्या मजल्यावर, ते जेवून झोपायचे. माझं घर १४ किलोमीटरवर. दीडची गाडी धरून घरी पोचायला अडीच, आणि परत यायला साडेतीनची गाडी. म्हणून मी जायचेच नाही. ते तीन तास मी कुठे काढत होते, हे चार वर्षांत कुणी विचारलं नाही. पहिलं वर्ष एसटी स्टँडवर बसायचे. तिथे लोक बघायला लागले, म्हणून मग दवाखान्याच्या मागच्या खोलीत, प्लास्टरच्या पोत्यांशेजारी. पंखा नव्हता. सकाळी पावणेनऊला घर सोडून रात्री सव्वानऊला पोचायचे, म्हणजे साडेबारा तास. पगार आठ तासांचा. सुरुवातीला ७,०००, शेवटी ९,०००.

दुसरी गोष्ट सुईची. इंजेक्शन देऊन झालं की सुईला टोपण लावायचं काम माझं. एकदा ती अंगठ्यात घुसली. डॉक्टर म्हणाले, "बीटाडीन लाव, काही होत नाही," आणि पुढचा पेशंट आत घेतला. त्यांना वाईट म्हणत नाही, बाहेर दहा माणसं बसली होती. पण त्या रात्री मला झोप नाही. तो पेशंट कोण, त्याला काय आजार, काही माहीत नाही. आठ दिवसांनी सरकारी दवाखान्यातल्या नर्सताईंना विचारलं तेव्हा कळलं की हिपॅटायटिस बीची लस असते, तीन डोस असतात, आणि सुई टोचल्याबरोबर यायला हवं होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझो जीव मोठो, नोकरी दुसरी गावतली." काही झालं नाही, रिपोर्ट सगळे चांगले आले. पण सुई हातात घेतली की अंगठा आखडायचा, तो शेवटपर्यंत.

तिसरी गोष्ट नावाची. पेशंटसमोर मी "ती पोरगी" होते. "पोरीला सांगतो, ती देईल." चार वर्षांत माझं नाव किती पेशंटांना कळलं असेल?

आता चांगलंही लिहिते. एका आजोबांना पूर्ण कवळी बसवली. ट्रायलला मेणावर बसवलेले दात मी आरसा धरून दाखवले. त्यांनी आरसा माझ्या हातातून घेतला आणि खिडकीपाशी जाऊन उजेडात बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या भावासारखो दिसतंय." भाऊ वारला होता. त्या दिवशी मी घरी जाताना गाडीत बसायला जागा मिळाली नाही तेही लक्षात आलं नाही. पतसंस्थेत १०,००० मिळतात, दहा ते साडेपाच, रविवार सुट्टी. असं काही मात्र तिथे होत नाही.

---

रातांबा | ९ जून, रात्री ११.२०

सुरंगी, तीनदा वाचलं. माझा दवाखाना साडेनऊ ते दीड आणि चार ते आठ असतो. मी दुपारी घरी जाते. माझ्या मुली कुठे असतात ते मला आत्ता, या क्षणी, सांगता येत नाही. उद्या विचारते.

लस मी स्वतः कॉलेजात असताना घेतली आहे. त्यांना दिली आहे का, हेही मी कधी विचारलेलं नाही.

---

वाशिष्ठी | १० जून, सकाळी ८.३०

चिपळूण. लसीबद्दल आधी लिहितो, कारण ती मर्जीची गोष्ट नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत दवाखाना चालवणाऱ्यावर जबाबदारी टाकलेली आहे. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामावर घेताना आणि नंतर वर्षातून एकदा तरी आरोग्य तपासणी करायची, प्रशिक्षण द्यायचं. दवाखाना दोन माणसांचा असला तरी. लस पहिल्या दिवशी, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्ती आली का बघायचं.

सुई टोचली तर जागा दाबून रक्त काढायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि थेट सिव्हिल गाठायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागणार असतील तर ती पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. हे मी कागदावर लिहून सिंकच्या वर लावलंय, खाली सिव्हिलचा आणि माझा नंबर. सुईला टोपण लावायचं काम सहायकाला देतच नाही. ज्याने इंजेक्शन दिलं त्याने टोपण खाली ठेवून एका हाताने लावायचं किंवा तशीच कटरमध्ये घालायची.

आता टिकण्याबद्दल. २२ जुलै २०२१ चा पूर तुम्हाला आठवत असेल. माझा दवाखाना तळमजल्यावर, पाणी छतापासून हातभर खाली. चेअर, कंप्रेसर, एक्स-रे, सगळं गेलं. चौथ्या दिवशी शटर वर केलं तर गुडघाभर चिखल, आणि माझ्या दोन्ही सहायक दारात झाडू घेऊन उभ्या. त्यातल्या एकीच्या स्वतःच्या घरात तेवढाच चिखल होता. मी म्हटलं, घरी जा. ती म्हणाली, "सर, घरी सासूबाई आहेत, इथे तुम्ही एकटे." तीन महिने दवाखाना बंद होता. दोघींचा पगार मी कर्जातून दिला. ते पैसे कुठे गेले हे मला आजही जाणवत नाही, त्या दोघी मात्र अजून आहेत.

त्यानंतर वेळ बदलली. मंगळवार ते रविवार सरळ दहा ते सहा, मध्ये पाऊण तास जेवण, सगळे एकत्र. बुधवारी आणि शुक्रवारी रात्री आठपर्यंत, कारण शिक्षक आणि बँकवाले सहानंतरच येतात. त्या दिवशी एक सहायक दहाला येते, दुसरी एक वाजता. पहिले दोन महिने गल्ला खाली आला आणि मी घाबरलो होतो. पावसाळा होता, त्यात जून-जुलै मासेमारी बंद, हर्णै-गुहागरकडून येणारे पेशंट तसेही कमी. गणपतीत चाकरमानी आले, त्यांना दिवसाच वेळ असतो, आणि दिवाळीपर्यंत गाडी रुळावर आली. सोमवारी बंद ठेवतो ते रविवारी सुट्टीवाल्यांना यायला मिळावं म्हणून. महिन्यातला एक रविवार मात्र बंद.

---

घाटमाथा | १० जून, दुपारी ३.१०

सगळे भावनिक लिहीत आहेत म्हणून व्यवहाराचं सांगतो. आम्ही कामावर घेतानाच दहावी-बारावीचं मूळ प्रमाणपत्र ठेवून घेतो आणि एका महिन्याचा पगार मागे राखतो. दोन वर्षांआधी गेली तर तो मिळत नाही. शिकवायला आपला वेळ जातो, त्याची काही किंमत आहे की नाही?

---

ताम्हण | १० जून, दुपारी ४.२५

घाटमाथा, वेळेची किंमत आहे, पूर्ण मान्य. पण केलेल्या कामाचा पगार हा तिचा आहे, तो अडवून ठेवायचा अधिकार तुम्हाला नाही. आणि मूळ प्रमाणपत्र अडकवलंत तर ती मुलगी पोलीस भरती, अंगणवाडी, नर्सिंगचा प्रवेश, कुठेच अर्ज नीट करू शकत नाही. तुम्ही दोन वर्षं अशी एक व्यक्ती चेअरशेजारी उभी करता जिला तिथे थांबायचं नाही. ती ऑटोक्लेव्हचं (वाफेने हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राचं) चक्र पूर्ण होऊ देईल का, हा प्रश्न मला पेशंट म्हणून पडतो.

---

सुरंगी | १० जून, सायंकाळी ६.५५

माझ्या मैत्रिणीचं प्रमाणपत्र असंच अडकलं होतं. जीएनएमच्या (नर्सिंगच्या) प्रवेशाची तारीख गेली. ती आज नर्स असती. यापुढे मला काही लिहवत नाही.

---

घाटमाथा | ११ जून, सकाळी ९.००

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सध्या दोघींची प्रमाणपत्रं माझ्या कपाटात आहेत. आज परत देतो.

---

खाडीपलीकडे | ११ जून, रात्री १०.१५

सहायकांबद्दल सगळे बोलताहेत, थोडं आम्हा असोसिएट, म्हणजे दुसऱ्याच्या दवाखान्यात काम करणाऱ्या डॉक्टरांबद्दल. चार वर्षं बीडीएस आणि एक वर्ष इंटर्नशिप करून बाहेर पडलो. पहिली नोकरी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, १६,००० पगार. आठ महिन्यांत सोडली. पगारामुळे सोडली असं घरी सांगितलं, ते अर्धंच खरं होतं. मी रूट कॅनल सुरू करायचो, पुढच्या वेळी तो पेशंट दुसऱ्याकडे. कॅप कशी बसली, दुखणं गेलं का, मला कधी कळायचंच नाही. वर महिन्याला किती कॅप व्हायला हव्यात त्याचा आकडा फळ्यावर. जो दात भरून भागला असता त्याला रूट कॅनल सुचवायची वेळ आली, त्या रात्री ठरवलं.

आता दापोलीकडे एका सरांकडे आहे. लॅबचा खर्च वजा करून ४० टक्के, दर महिन्याच्या ५ तारखेला, हिशेबाच्या वहीसकट. पैसे मुंबईपेक्षा कमीच. पण ज्याला मी हात लावला तो पेशंट शेवटपर्यंत माझा. आणि शनिवारी दुपारी सर वीस मिनिटं माझ्याबरोबर आठवड्याचे एक्स-रे बघतात. त्यांचेही. स्वतःची एक फाइल दाताच्या नळीत तुटली तो एक्स-रे त्यांनी मला उघडून दाखवला, पेशंटला काय सांगितलं तेही सांगितलं. त्या दिवसापासून माझं चुकलं तर मी लपवत नाही. तिसरं वर्ष चालू आहे.

अजून एक. मान आणि कंबर. दिवसाला दहा पेशंट वाकून केले की पस्तिशीत पट्टा लागतो. सरांनी सहायकाला समोरासमोर बसायला स्टूल दिलं आहे. पूर्वी ती दिवसभर उभी असायची. चार हातांनी काम करायचं तर दोघांनीही बसलं पाहिजे, हे किती ठिकाणी पाळलं जातं?

---

कल्पवृक्ष | १२ जून, सकाळी ११.४०

डेंटल लॅब, कुडाळ. आमची मुलं आखातात नाहीतर मुंबईला जातात. अडवत नाही. पण जी राहिलीत त्यातल्या एकाची गोष्ट. सावंतवाडीचे एक डॉक्टर कॅप बसवल्यावर पेशंटला विचारून फक्त ओठांपुरता फोटो पाठवतात, "छान जुळलंय, ज्याने केलं त्याला दाखवा." समोरच्या दोन दातांचा असा एक फोटो त्या मुलाने दोन वर्षं मोबाइलवर ठेवलाय. लॅबमध्ये बसणाऱ्याला हसणारा माणूस कधी दिसत नाही, फक्त प्लास्टरचं मॉडेल दिसतं. त्या डॉक्टरांचं काम आलं की मुलं आपसात मागून घेतात.

---

मुचकुंदी | १२ जून, रात्री ९.२०

एका मुद्द्याला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो. १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टने दंतवैद्यांबरोबर हायजिनिस्ट (दात साफ करणारे) आणि डेंटल मेकॅनिक (कवळी-कॅप बनवणारे) या दोघांचीही नोंदणी ठेवली. दोन वर्षांचे अभ्यासक्रम, नोंदणी क्रमांक. चेअरशेजारी उभ्या असणाऱ्या सहायकाचं त्यात नाव नव्हतं. ब्रिटनमध्ये २००८ पासून डेंटल नर्सला जनरल डेंटल काउन्सिलकडे नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडे ती सहा महिने शिकते, दहा वर्षं काम करते आणि लग्न होऊन बदलापूरला गेली की तिथल्या डॉक्टरांसमोर पुन्हा "काही येतं का?" पासून सुरुवात. तिच्या शिकण्याचा कागद कुठेच नाही. ज्या कामाचा कागद नाही त्या कामात पोरींनी आयुष्य का घालवावं?

कायदा मी बदलू शकत नाही, कागद देऊ शकतो. गेली सहा-सात वर्षं सोडून जाणाऱ्या प्रत्येकीला लेटरहेडवर सविस्तर लिहून देतो. निर्जंतुकीकरण स्वतंत्रपणे करते, अल्जिनेटचं माप घेण्यात मदत आणि मॉडेल ओतणं येतं, रूट कॅनल, दात काढणं, कवळी यांचे ट्रे लावते, लहान मुलांशी कशी वागते, दवाखान्यातल्या कचऱ्याचं चार रंगांत वर्गीकरण करते, किती वर्षं, किती पगार. खाली माझा फोन. दोघींच्या नव्या डॉक्टरांचे मला फोन आले. एकीला डोंबिवलीत पहिल्याच दिवशी तिथल्या जुन्या सहायकाएवढा पगार मिळाला.

रातांबाताई, तुमच्याकडून ती गेली तरी कामात राहिली, तर तेही मी टिकणंच समजतो. उद्या एखादी अशीच शिकलेली सून मुंबईहून रत्नागिरीला येईल आणि तुमचं दार वाजवेल.

---

वाशिष्ठी | १३ जून, सकाळी ८.०५

मुचकुंदी, पत्राची कल्पना उचलतो.

छोट्या दवाखान्यांना ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), ग्रॅच्युइटी हे लागू होत नाही, कारण दहा माणसं नसतात. म्हणून मी एवढं करतो. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, जीवन ज्योती ४३६ रुपये, दोन्हीत दोन-दोन लाखांचं संरक्षण. चाळिशीच्या आतल्या सहायकाचं अटल पेन्शन, निम्मा हप्ता माझा. आणि दर वर्षाच्या शेवटी पंधरा दिवसांचा पगार तिच्या नावाच्या ठेवीत. पाच वर्षांनी मिळतो, मध्ये गेली तर जेवढा जमला तेवढा तिचाच. कायद्याने मागितलेलं नाही, पण मोठ्या कंपनीतल्या माणसाला जे मिळतं ते हिला का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

---

रातांबा | ३ जुलै, रात्री १०.३०

उशिरा लिहितेय, पण रोज वाचत होते.

राहिलेल्या दोघींशी बोलले. दवाखान्यात नाही, मांडवीच्या जेटीवर, चहा घेऊन. पहिली वीस मिनिटं "सगळं चांगलं आहे मॅडम" एवढंच. मग मी सुरंगीचा प्रतिसाद मोबाइलवर वाचून दाखवला, नाव-गाव नाहीच आहे त्यात. वाचून झाल्यावर काउंटरच्या ताई म्हणाल्या, दुपारी त्या मारुती मंदिरापाशी एका नातेवाइकांकडे जाऊन बसतात, त्या घरच्या सुनेला ते आवडत नाही हे त्यांना कळतं, पण दुसरी जागा नाही. चार वर्षं.

मागची खोली रिकामी केली. पंखा, लोखंडी खाट, गॅसची छोटी शेगडी. हे पहिल्याच आठवड्यात झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार सरळ वेळ सुरू केली आहे. बाकीचे तीन दिवस अजून धाडस होत नाही, पावसाळ्यानंतर बघते. १५ जूनला तिघींना लसीचा पहिला डोस दिला. जाणाऱ्या मुलीलाही. ती म्हणाली, "मी तर चाललेय मॅडम, मला कशाला?" मी म्हटलं, सुई सगळीकडे सारखीच असते.

तिनेच मग दोन दिवसांनी खरं कारण सांगितलं. इथे लिहायची परवानगी तिने दिली आहे. फेब्रुवारीत तिच्या हातून एक्स-रेचा सेन्सर पडला होता. लाखाच्या घरातली वस्तू. मी पेशंटसमोर ओरडले होते. सेन्सर नंतर चालू झाला, मी विसरले. तिला मात्र वाटत राहिलं की हे पैसे कधीतरी पगारातून कापले जाणार. दर महिन्याला पगाराचं पाकीट हातात घेताना तिच्या पोटात गोळा यायचा. चार महिने. माझ्या मनात तसं कधीही नव्हतं, पण "कापणार नाही" हे दोन शब्द मी बोलले नव्हते. मी तिची माफी मागितली, दोघींच्या देखत, कारण ओरडलेही दुसऱ्यांच्या देखतच होते.

ती राहिली नाही. कणकवलीला मावशीकडे राहून तिथल्या दवाखान्यात जायचं तिचं ठरलं होतं आणि शब्द दिला होता. मुचकुंदींनी सांगितलं तसं पत्र दिलं, दीड पान झालं. मशेरीचं त्यात लिहिलं आहे. लसीचं कार्डही बरोबर दिलं. परवा तिच्या नव्या डॉक्टरांचा फोन आला, विचारत होते पावसाळ्यात कंप्रेसरचं पाणी रोज सोडायचं हे तिला कुणी शिकवलं.

नवीन मुलगी सोमवारपासून येतेय, पावस गावची. शेवटची गाडी विचारून घेतली आहे. आता माझा एक प्रश्न. ऑटोक्लेव्हचं काम एकीकडेच ठेवावं की आलटून पालटून द्यावं? एकीकडे राहिलं तर चूक होत नाही असं मला वाटत आलंय, पण ती खोली गरम असते आणि तीच कायम आत राहते.

---

सुरंगी | ३ जुलै, रात्री ११.१०

आलटून पालटून द्या मॅडम, आठवड्याला एक. आत एकटीच राहिली तर तिला पेशंट दिसत नाहीत, आणि ती रजेवर गेली की दुसरीला मशीन येत नाही. वही ठेवा. किती वाजता लावलं, तापमान, प्रेशर, निर्जंतुक झाल्याचं दाखवणाऱ्या पट्टीचा रंग बदलला का, आणि पुढे सही. पूर्ण नावाची सही घ्या.

तिघींचा दुसरा डोस १५ जुलैला येतोय, कॅलेंडरवर लिहून ठेवा. जी कणकवलीला गेली तिला आदल्या दिवशी फोन करा.